फेस वर येईपर्यंत

(इस्तंबूल. बेयाझितजवळची तांबटांची गल्ली. सकाळ.)

डोळे मिटून ऐकलंत तर पुण्याची तांबट आळी वाटेल. तांब्यावर हातोडी पडते तो आवाज कुठेही सारखाच. इथे मात्र ठोकून ठोकून जे घडवलं जातंय ते आहे जेझवे, तुर्की कॉफीचं भांडं. बूड रुंद, गळा आवळलेला, काठाला ओतण्यासाठी चोच आणि विस्तवापासून हात दूर राहील एवढा लांब दांडा. या कॉफीचं निम्मं कसब त्या आवळलेल्या गळ्यात आहे. ते पुढे कळेलच.

(भट्टी.)

आता उस्तांच्या, म्हणजे मुरलेल्या कारागिराच्या, हाताकडे बघा. भांडं आधी घासून लख्ख केलंय. ते निखाऱ्यावर धरलं, तापलं. आत नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला, आणि लगोलग कथलाची कांडी टेकवली. कथील वितळलं, तेही जेमतेम थेंबभर. मग कापसाचा बोळा एकदा गर्रकन फिरला की तांबूस पोट चांदीसारखं चमकायला लागतं.

तुर्की भाषेत याला म्हणतात 'कलाय', आणि करणारा तो 'कलायजी'. आपली कल्हई आणि त्यांचं कलाय ही एकाच अरबी शब्दाची लेकरं. कारणही एकच: कॉफी जरा आम्लधर्मी, उघड्या तांब्यात ती कळकायची. दारोदार फिरणारा कल्हईवाला आपल्याकडे दिसेनासा झाला. इथेही कलायजी थोडेच उरलेत.

(एका आजींच्या घरातलं स्वयंपाकघर. शेगडी.)

पाणी मोजायला वेगळं माप नाही. ज्या फिंजानातून, म्हणजे छोट्या कपातून, कॉफी प्यायची त्यानंच पाणी मोजायचं. पाणी गार हवं. कपामागे दोन लहान चमचे कॉफी, आणि तीही मैद्यासारखी दळलेली. बोटांत चोळली तर कण लागत नाही. साखर घालायची ती आत्ताच, कारण एकदा फेस धरला की चमचा घालायची सोय नाही. म्हणून पाहुण्याला आधीच विचारतात, कशी घेणार? 'ओर्ता' म्हणजे मध्यम गोड. 'सादे' म्हणजे बिनसाखरेची. त्या शब्दासाठी आम्हाला दुभाष्या लागला नाही.

आच मंद. एकदा ढवळलं, चमचा बाजूला ठेवला. आता शेगडी सोडून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

(जेझवेच्या तोंडाशी कॅमेरा. संथ.)

पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही. मग कडेनं एक गडद कडी उमटते. ती आत सरकते, जाड होते, मधला भाग फुगतो. आवळलेला गळा तो फेस पसरू देत नाही, दाटीवाटीनं वर चढवतो. उकळी फुटायच्या आत भांडं उचललं पाहिजे. उकळली की फेस मोडला.

आजींनी उचललंय. प्रत्येक फिंजानात चमचा-चमचा फेस आधी वाटून झाला. भांडं पुन्हा एकदा क्षणभर आचेवर, आणि आता कॉफी कपाच्या कडेनं, फेसाला धक्का न लावता. पाहुण्यापुढे बिनफेसाचा कप गेला तर घराची नाचक्की. विजेची कॉफीयंत्रं आली आहेत, घरोघरी दिसतातही. फेस तीही काढतात म्हणे.

ही कॉफी गाळत नाहीत. गाळ खाली बसेपर्यंत दम धरायचा. सोबत पाण्याचा पेला, लोकुम या तुर्की मिठाईचा तुकडा. तुर्की म्हण आहे: एका फिंजान कॉफीची 'हातिर' चाळीस वर्षं राहते. हातिर म्हणजे आपली खातर.

(एमिन्योन्यू. मसाला बाजारामागची ताहमिस गल्ली. रांग.)

ताहमिस म्हणजे कॉफी भाजण्याची जागा. गल्लीचं नावच ते. रांग आहे ती कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी या दुकानाची. पूर्वी लोक कच्च्या बिया नेऊन घरी भाजत, हातजात्यावर दळत. या दुकानानं 1871 मध्ये भाजून दळलेली कॉफी विकायला सुरुवात केली. पुड्या बांधणाऱ्या हातांचा वेग बघा.

इथून जवळच ताहताकाले. इतिहासकार पेचेवीच्या म्हणण्यानुसार 1554-55 च्या सुमारास हलबचा (म्हणजे अलेप्पोचा) हकेम आणि दमास्कसचा शेम्स यांनी या भागात शहरातली पहिली कॉफीघरं थाटली. माणसं जमली, वाचन झालं, बुद्धिबळ झालं, राजकारणही झालं. 1633 मध्ये सुलतान चौथ्या मुरादनं कॉफीघरांवर बंदी घातली. ती टिकली नाही. कॉफी येमेनमधून येई. पहिल्या महायुद्धानंतर येमेन हातचा गेला, कॉफी महागली आणि तुर्कस्तान चहाकडे वळला. आजही इथे दिवसभर चालतो तो चहाच. 2013 मध्ये युनेस्कोनं तुर्की कॉफीच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

(पुन्हा आजींचं घर. संध्याकाळ.)

शेवटचा घोट ठेवून द्यायचा असतो. तो 'तेलवे', गाळ. फिंजानावर बशी झाकायची, मनात प्रश्न धरायचा, आणि झटक्यात उपडं करायचं. गाळ ओघळून आतल्या भिंतीवर चित्रं उमटतात. त्यावरून भविष्य. कप लवकर निवावा म्हणून बुडावर अंगठी ठेवायची पद्धत आहे.

आजींनी आपली काढून ठेवली आहे.

(उपडं फिंजान, वर अंगठी. आजींचं बोट अधूनमधून बुडाला लागतं. अजून गरम आहे.)