झाकण किती वेळा उघडते

पडद्यावर दिसणारी ही कॉफीची बी भाजल्याला आज चौथा दिवस आहे. तिच्या मधल्या चिरेत पातळ सालीचा एक फिकट धागा अजून अडकलेला आहे, आणि पाठीवर तेलाचा मागमूस नाही. नुसत्या डोळ्यांना ती भरीव वाटते, पण आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ती असंख्य बारीक पोकळ्यांची बनलेली दिसते. हिरव्या बीमध्ये 10 ते 12 टक्के पाणी असते. भाजताना त्यातले बहुतेक उडून जाते, बी वजनाने साधारण 15 ते 20 टक्के हलकी होते आणि तरीही आकाराने बरीच फुगते. या फुगण्यातून आत जी जागा तयार होते, तिथेच कॉफीचा सुगंध कोंडलेला असतो. बिया घरी कशा ठेवाव्यात, हे ठरवण्याआधी त्या जागेत काय चालले आहे ते पाहायला हवे.

भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. भाजून काढलेल्या बीमध्ये तो वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के असतो. हा आकडा छोटा वाटतो, पण पाव किलो बियांमध्ये 1 टक्का वायू धरला, तरी मोकळा झाल्यावर तो सव्वा लिटरहून अधिक जागा व्यापतो. तो पहिल्या एक-दोन दिवसांत वेगाने आणि पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत राहतो. ताज्या बियांचे पाकीट पूर्ण बंद केले तर ते फुग्यासारखे टरारून फुगते, ते यामुळेच. पाकिटावर बटणासारखी जी छोटी झडप दिसते, ती आतला वायू बाहेर सोडते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. पुष्कळ लोक तिला वास घेण्याचे भोक समजून पाकीट दाबून पाहतात. तसे केल्याने वास येतो खरा, पण जो वास कपात यायला हवा होता तोच आपण बाहेर काढत असतो.

हा वायू बीमधून निघत असतो तोवर तो ऑक्सिजनला काही अंशी दूर ठेवतो. त्याचा जोर ओसरला की हवेला बीच्या आत वाट मोकळी होते, आणि बिघाडाचा वेग वाढतो. भाजलेल्या कॉफीत 800 हून अधिक गंधद्रव्ये ओळखली गेली आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोहक द्रव्येच बहुधा सर्वांत नाजूक असतात. मिथेनथायॉल हे त्यांपैकी एक. ते 6 अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते उडून जायला टपलेलेच असते. कॉफीचा ताजेपणा मोजताना त्याच्या घटत्या प्रमाणाकडे पाहिले जाते. ज्या द्रव्यामुळे भाजलेल्या कॉफीचा वास डोळे मिटूनही ओळखता येतो, ते गंधकयुक्त फर्फ्युरिलथायॉलही ऑक्सिजनपुढे फार काळ टिकत नाही. म्हणून शिळी कॉफी आधी कडू किंवा आंबट होत नाही. आधी ती नुसती मुकी होते.

खवटपणा त्यानंतर येतो. अरेबिका बियांमध्ये साधारण 15 टक्के आणि रोबस्टामध्ये साधारण 10 टक्के तेल असते. गडद भाजलेल्या बीच्या भिंती अधिक ठिसूळ आणि सच्छिद्र झालेल्या असल्याने हे तेल लवकर पृष्ठभागावर येते आणि तिथे त्याची थेट हवेशी गाठ पडते. दोन महिने वापरात असलेल्या या काचेच्या बरणीच्या आतून बोट फिरवून पाहा. बोटाला लागणारा हा तपकिरी चिकट थर म्हणजे जुन्या बियांचे खवटलेले तेल आहे. याच बरणीत न धुता नव्या बिया ओतल्या, तर त्यांना पहिल्या दिवसापासून जुन्याचा वास लागतो. दळणयंत्राच्या वरच्या भांड्यातही असाच थर बसतो. म्हणून ते भांडे बिया साठवण्यासाठी वापरू नये, एका वेळी लागतील तेवढ्याच बिया त्यात टाकाव्यात.

बाष्पाचा धोकाही तितकाच खरा आहे. भाजलेली बी इतकी कोरडी असते की ती आसपासचा ओलावा ओढून घेते. सादळलेली बी चावून पाहिली तर ती कटकन फुटण्याऐवजी दबते, आणि दळतानाही तिचा आवाज मऊ येतो. उष्णतेने या सगळ्याच प्रक्रिया वेग घेतात, त्यामुळे शेगडीशेजारचे फडताळ आणि फ्रिजच्या माथ्यावरची ऊबदार जागा या दोन्ही, हाताशी असल्या तरी, टाळलेल्या बऱ्या. पारदर्शक बरणी देखणी दिसते, पण ती बंद फडताळात ठेवणार असू तरच वापरावी, कारण प्रकाशानेही तेल बिघडते.

आता डब्याविषयी. हवाबंद डबा घेतला की काम झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि आमच्या मते घरी होणारे सर्वाधिक नुकसान त्यातूनच होते. झाकण बाहेरची हवा अडवते, पण आत आधीच असलेल्या हवेचे ते काहीही करू शकत नाही. एक लिटरच्या डब्यातली निम्मी जागा रिकामी झाली, तर त्या अर्ध्या लिटर हवेत जवळजवळ 100 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडताच डब्यात जमलेला कार्बन डायऑक्साइड आणि सुगंध बाहेर पडतो आणि ताजी हवा आत शिरते. दिवसातून दोनदा कॉफी करणाऱ्या घरात महिन्याला हे साठ वेळा घडते. हवा ओढून घेणाऱ्या झाकणाचे डबे मिळतात आणि त्यांचा उपयोग होतो, मात्र तेही आतील ऑक्सिजन पूर्ण काढून टाकत नाहीत, आणि पुढच्या उघडण्यासरशी त्यांनी केलेले काम पुसले जाते. म्हणून डबा कोणता घ्यावा याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार डबा किती वेळा उघडतो याचा करायला हवा.

यावरचा उपाय साधा आहे. भाजल्याची तारीख पाहून दोन-तीन आठवड्यांत संपतील इतक्याच बिया आणाव्यात. त्यांचे दोन-तीन लहान वाटे करावेत, एक वापरात ठेवावा आणि बाकीच्यांना हात लावू नये. झडप असलेले मूळ पाकीट चांगले जाड असेल तर ते टाकून देण्याची गरज नाही. बियांवरची हवा हलक्या हाताने दाबून काढून ते घट्ट गुंडाळून बंद केले, तर अर्ध्या रिकाम्या देखण्या बरणीपेक्षा ते सरस ठरते. बिया दळून मात्र ठेवू नयेत. दळल्यावर हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि अख्ख्या बीला जे व्हायला आठवडे लागतात ते पुडीला काही तासांत होऊ लागते.

फ्रिजच्या खालच्या कप्प्याचा मोह टाळावा. तिथे तापमान बिघाड थांबण्याइतके कमी नसते, दार सतत उघडत राहते, बाष्प असते, आणि चिरलेल्या कांद्याचा किंवा चीजचा वास सच्छिद्र बी मुकाट्याने शोषून घेते. फ्रीजरची गोष्ट वेगळी आहे. उणे 18 अंशांना गंधद्रव्यांचे उडणे आणि तेलाचे खवटणे दोन्ही खूप मंदावतात, त्यामुळे महिनाभरात संपणार नसलेल्या बिया तिथे ठेवणे योग्यच आहे. गोठवलेल्या बियांनी कॉफी बिघडते ही भीतीही निराधार आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर थंड बिया दळल्यावर अधिक बारीक आणि अधिक एकसारख्या आकाराचे कण मिळतात, असे दिसून आले.

फ्रीजरमध्ये चूक होते ती बाहेर काढताना. गार पाकीट लगेच उघडले की खोलीतल्या हवेचे बाष्प बियांवर दवासारखे धरते, आणि उरलेल्या बिया परत आत ठेवल्या की ते पाणीही त्यांच्याबरोबर आत जाते. त्यासाठी एकेका आठवड्याचे वाटे वेगवेगळ्या हवाबंद पिशव्यांत भरून, प्रत्येकीवर तारीख लिहून ठेवावेत. इथे ओट्यावर ठेवलेली ही पिशवी रात्री बाहेर काढली होती. तिच्या बाहेरच्या अंगावर जमलेले थेंब सकाळपर्यंत वाळले आहेत आणि आतल्या बिया कोरड्या आहेत. आता ती कापायला हरकत नाही. दळलेल्या पुडीवर गरम पाण्याची पहिली धार पडताच पूड वर उचलली जाते, तिच्यावर बुडबुड्यांचा फेसाळ घुमट चढतो, आणि सहा आठवड्यांपूर्वी भाजलेल्या बियांमधला वायू अजून बाहेर पडताना दिसतो.