पैसा यंत्राला की युनिटला?

मित्रहो, अपारंपरिक ऊर्जेवर सरकारनं खर्च करावा की ते काम बाजारावर सोडावं, यावर नाशिकमध्ये सातपूर-अंबडचे उद्योजक आणि निफाड-दिंडोरीचे शेतकरी तावातावानं बोलतात. एकाला अनुदान उधळपट्टी वाटतं, दुसऱ्याला बाजार लुटारू वाटतो. मला त्याआधी एक विचारायचं आहे: पैसा नेमका कशाबद्दल मिळतो?

सिलिकॉनचा सौर घट (सोलर सेल) १९५४ साली बेल प्रयोगशाळेत जन्मला. संशोधन खासगी कंपनीचं होतं, पण घट इतका महाग की विकत घ्यायला कुणी धजेना. १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर चढला, तो अमेरिकी सरकारच्या पैशानं. २००० साली जर्मनीनं कायदा करून सौर विजेला २० वर्षं ठरलेला दर दिला. त्या हमीवर कारखाने निघाले, पुढे चीननं उत्पादन अफाट वाढवलं आणि पॅनल स्वस्त झालं. आपल्याकडे २०१० च्या सौर अभियानातल्या पहिल्या लिलावांत (सर्वांत कमी दर मागेल त्याला काम) युनिटचा दर बारा रुपयांच्या आसपास होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. दर स्पर्धेनं पाडला हे खरंच. पण २५ वर्षं वीज घेण्याचा करार हातात नसता, तर बोली लावायला आलं कोण असतं?

आता शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल किंवा साताऱ्याचं वनकुसवडे पठार आठवा. नव्वदच्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्याला पहिल्याच वर्षी तिची पूर्ण किंमत घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम, म्हणून दाखवता येई. नफ्यातल्या कंपन्यांनी ३१ मार्चच्या आत पवनचक्क्या घेतल्या, कर वाचवला. पातं वर्षभर किती फिरलं, याच्याशी त्या सवलतीचा काहीच संबंध नव्हता! सरकारनं लोखंडाला पैसे दिले, विजेला नाही. ही चूक ओळखून २००९ अखेर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन सुरू झालं. दिशा अगदी योग्य होती. तरी २०१२ मध्ये वाढीव घसाऱ्याची सवलत आणि प्रोत्साहन दोन्ही एकदम थांबले आणि त्या वर्षी नव्या पवनचक्क्यांची उभारणी जवळजवळ निम्म्यावर आली. धोरण असं रातोरात बदललं, तर कर्ज काढून उतरलेला माणूस कुणाच्या भरवशावर राहणार?

म्हणूनच मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना पटते. भांडवल खासगी, जमीन भाड्यानं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. महावितरण ठरलेल्या दरानं युनिट विकत घेते आणि त्या वाहिनीवरच्या (फीडरवरच्या) शेतीपंपाला दिवसा वीज मिळते. बिबट्याच्या भीतीत, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय, हे इथं सांगायला नको. मात्र महावितरणनं देणी वेळेवर फेडलीच पाहिजेत. ती थकली की पुढच्या बोलीत ती जोखीम धरली जाते आणि वीज महागते.

खरी अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. साठवणुकीच्या बॅटऱ्यांसाठी केंद्रानं २०२३ मध्ये भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. बाजार इथं एकटा उतरणार नाही, तेव्हा मदत हवीच. पण तिचा मोठा हिस्सा बॅटरीनं संध्याकाळी सहानंतर प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांवर मिळावा, असा आग्रह आपण नाशिककरांनी आजच धरायला हवा.