बोट एक ओळ वर न्या

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्त मला सामर्थ्य देतो, त्याच्या बळावर मी सर्वकाही करू शकतो, हे बायबलमधलं वचन तुमच्या ओळखीचं असेल. परीक्षेला निघालेल्या मुलाला ते सांगतात, नव्या धंद्याच्या प्रार्थनेत वाचतात. त्यावर उपदेशही झकास होतो. जिद्द, यश, दोन-चार किस्से, आणि मंडळी खूश होऊन घरी जाते.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं एक पत्र आहे, फिलिप्पैकरांस पत्र. त्याच्या चौथ्या अध्यायात हे वचन आहे, तेरावं. आता बोट एकच ओळ वर न्या. बाराव्या वचनात पौल म्हणतो, भरल्या पोटी कसं राहावं आणि उपाशी कसं राहावं, दोन्ही मी शिकलोय. आणि हे लिहिणारा माणूस बंदिवासात आहे. म्हणजे त्या ‘सर्वकाही’मध्ये उपासमारसुद्धा आली! ज्याला आपण यशाचा मंत्र केला, ते वचन टंचाईत तग धरण्याबद्दल आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला खरं तर त्याची जास्त गरज आहे.

शास्त्र, म्हणजे बायबल, उलगडून सांगणारा उपदेश म्हणतात तो एवढाच असतो. वचनाच्या मागचं-पुढचं वाचायचं आणि ते जिकडे नेईल तिकडे जायचं. आधी विषय ठरवायचा आणि मग त्याला शोभेलसं वचन शोधायचं, हा उलटा प्रवास. त्यात वचन फक्त तोंडी लावायला उरतं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, याचं फार सुंदर चित्र आहे. यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक जमलेत. एज्रा नावाचा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्राचा ग्रंथ उघडतो, तसे सगळे उठून उभे राहतात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं, आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. लोक रडू लागतात. कुणी आवाज चढवून रडवलेलं नाही, त्यांना समजलं म्हणून ते रडतात. मग त्यांना सांगावं लागतं, रडू नका, जा, गोडधोड खा आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांनाही वाटा पाठवा.

आता, शास्त्रावरचा उपदेश कंटाळवाणा होतो ही तक्रार खोटी नाही. मूळ शब्दांच्या व्युत्पत्तीतच पाऊण तास घालवणारे उपदेशक मीही ऐकलेत. खुद्द पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता! पण तो दोष लांबणीचा. त्यापायी शास्त्रच बाजूला ठेवायचं म्हणजे भात करपला म्हणून चूल फोडण्यातला प्रकार.

ओळीने वचनं घेत जाण्याचा मोठा फायदा म्हणजे उपदेशकाला पळवाट राहत नाही. पैशाबद्दलचं, क्षमेबद्दलचं अवघड वचन आलं की त्यावर बोलावंच लागतं. आणि व्यासपीठावरून कुणावर राग काढायची सोयही जाते.

ख्रिस्ती धर्मसुधारक आणि उपदेशक जॉन कॅल्विनला 1538 मध्ये जिनिव्हातून हाकलून दिलं होतं. 1541 मध्ये त्याच शहराने त्याला परत बोलावलं. पहिल्या उपदेशाला लोक कान टवकारूनच बसले असणार, आता हा कुणाकुणाचा समाचार घेतो म्हणून. कॅल्विन उभा राहिला, आणि जाण्यापूर्वी जिथं थांबला होता, तिथून पुढे त्याने शास्त्र उलगडायला सुरुवात केली.