मुशीची नाळ, अळंबीचं मूळ

नमस्कार श्रोतेहो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ठाण्याच्या बाजारात या दिवसांत ताजी मुशी क्वचितच दिसते. तेवढ्यात ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या बाया पानांत बांधलेली अळंबी घेऊन येतात. एका टोपलीनं दुसरीला खो द्यावा, तसं.

मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा हातभर लांबीचा शार्क. नाक चपटं, कातडी शेपटीकडून डोक्याकडे चोळली तर खरखरीत. माझी आत्या चेंदणी कोळीवाड्यात मासळी विकायची. एकदा तिनं मुशीचं पोट चिरलं आणि आत वीतभराहून लहान पिल्लं निघाली, प्रत्येकाला नाळ! मी लहान होते, हबकलेच. नंतर शिकताना कळलं की या मुशीचं अंडं शार्कांमध्ये सर्वात लहान, जेमतेम एक मिलिमीटरचं. त्यात पिवळ्या बलकाची शिदोरी जवळपास नसतेच. म्हणून आईच वार आणि नाळेतून पिल्लाला पोसते. आमच्याकडे बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, ते मला तेव्हापासून फार जवळचं वाटतं.

आता अळंबी. वारुळाजवळ उगवणारी ही अळंबी हळूच उपसली तर देठाखाली लांबच लांब मूळ निघतं. ते जमिनीखाली वाळवीच्या बागेपर्यंत गेलेलं असतं. वाळवी पालापाचोळा चावून आणते, त्याचं स्पंजासारखं पोळं रचते, बुरशी ते पचवते आणि वाळवी तिचे पांढरे दाणे खाते. वाळवीविना या बुरशीला छत्र्या सहसा येत नाहीत, म्हणून तिची शेती करणं फार अवघड आहे. आणि अळंबी वनस्पती नव्हेच. बुरशीचं गोत्र झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे.

एक पाण्यातली, एक मातीतली. मला दोघींत दिसते ती नाळच.

येऊरची एक ताई मला म्हणाली होती, "उघडलेल्या चार छत्र्या तशाच ठेवायच्या." ते खरंच आहे. त्या छत्र्यांतून बीजाणू गळतात, आणि नव्या वारुळातल्या वाळवीला बहुधा तेच बाहेरून गोळा करून आपली बाग लावावी लागते. अनोळखी अळंबी मात्र कधीही तोडून खाऊ नका. विषारी असू शकते.

ऑगस्टमध्ये बोटी परततील. तेव्हा मुशी घेताना मी वीतभर पिल्लं मागत नाही, विकणारीला तसं सांगतेही.