चाकाचा नट किती आवळावा?

श्रोतेहो, नमस्कार.

चाक बसवून झाल्यावर पान्याच्या टोकावर पाय देऊन नट आवळणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेकांनी तसे केलेही आहे. 70 किलो वजनाचा माणूस 40 सेंटिमीटर लांब पान्यावर उभा राहिला, तर नटावर सुमारे 275 न्यूटन मीटर इतका पीळ, म्हणजे टॉर्क, पडतो. बहुसंख्य प्रवासी मोटारींना मात्र 80 ते 140 न्यूटन मीटरच हवा असतो. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा.

चाक स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर, टांगलेले असते, हा समज चुकीचा आहे. नट आवळताना स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणामुळे चाक हबवर, म्हणजे ते ज्या फिरत्या भागावर बसते त्यावर, दाबून धरले जाते, आणि गाडीचा भार प्रत्यक्षात पेलते ते या दोन पृष्ठभागांमधील घर्षण. पीळ कमी पडला की चाक हबवर सूक्ष्मपणे सरकू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. पीळ अति झाला तर स्टड कायमचा लांबतो व त्याची पकड जाते, आणि हे वरून दिसत नाही.

म्हणून हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढावा. आट्यांना तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण आवळण्याचा बराचसा जोर घर्षणातच खर्च होत असतो आणि तेलाने ते घटले की त्याच आकड्याला स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. रिम बदलली असेल, तर नटाची बैठक शंकूच्या आकाराची हवी की गोलाकार, हे जुळवून पाहावे. नट आधी हाताने फिरवून आटे नीट धरल्याची खात्री करावी, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने दोन टप्प्यांत आवळावेत, आणि शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला पीळ गाठताच ‘टक्’ करणाऱ्या पान्याने, पुरा करावा. रेंचने एकदा ‘टक्’ केले की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा टकटक करणे म्हणजे मापापलीकडे आवळणे होय.

शर्यतीच्या ट्रॅकवर या साऱ्याची कसोटी लागते. जोरकस ब्रेकिंगमुळे डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, ती उष्णता हब, स्टड व रिमपर्यंत पोहोचते, आणि रिमचे ॲल्युमिनियम स्टडच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गरम असताना मापाने आवळलेला नट थंड झाल्यावर तेवढाच घट्ट राहील, याचा भरवसा नाही. त्यामुळे प्रत्येक सत्रापूर्वी, चाके निवल्यावरच तपासणी करावी.

गाडी चालवताना स्टिअरिंगमध्ये नवी थरथर जाणवली किंवा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी ठकठक ऐकू आली, तर वेग हळूहळू कमी करावा, मागच्या गाड्यांना हाताने वा दिव्याने इशारा द्यावा, त्यांच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि ठकठक ठळक असेल तर पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत, पोहोचण्याचा हट्ट न धरता सुरक्षित जागी थांबावे.

हा हट्ट मी एकदा धरला आहे. चौथ्या फेरीत जाणवलेली थरथर टायरला चिकटलेल्या रबराची असेल, असे समजून मी आणखी एक फेरी मारली. पिटमध्ये पाहिले तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते, आणि रिमची भोके घासून चकाकत होती. त्या सकाळी चाक बसवताना मी कोणाशी तरी बोलत होतो. आता पाना हातात असताना मी बोलत नाही, आणि प्रत्येक नटापासून रिमपर्यंत रंगीत पेनाने एक रेघ ओढून ठेवतो; नट फिरला तर ती तुटलेली दिसते. सत्र संपल्यावर आधी त्या रेघा पाहतो, मग हेल्मेट काढतो.