तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून बघा

नमस्कार मंडळी.

लिहिणारे, चित्रं काढणारे, व्हिडिओ करणारे, सगळे कधी ना कधी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. माझं काम माझंच वाटावं, दुसऱ्या कोणाचं वाटू नये, यासाठी काय करू?

आणि मग बहुतेक जण शब्दांच्या मागे लागतात. वाक्यं छोटी ठेवू की लांब, बोलीत लिहू की प्रमाण भाषेत. माझं स्पष्ट मत आहे की हे नंतर बघायचं. आधी गोष्ट सांगायची, तीही तोंडी. कारण गोष्ट सांगायला लागलात की निवड टळत नाही. सुरुवात कुठून करायची, काय गाळायचं, कुठे रेंगाळायचं, हे प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं, आणि ते आपण नकळत ठरवत असतो.

घर बदलण्याचा दिवस घ्या. एक जण सांगेल खोक्यांबद्दल, कोणत्या खोक्यात काय होतं आणि काय हरवलं. दुसरी सांगेल, भिंतीवर जिथे फोटो होता तिथला रंग कसा उजळ राहिला होता. तिसरा म्हणेल, निघताना शेजारी काय बोलले ते ऐका. दिवस एकच, घर एकच. तिघांचीही भाषा अगदी साधी असू दे, तरी कोण बोलतंय ते ओळखू येतं.

आता एक जुना प्रयोग सांगतो, मला तो फार मोलाचा वाटतो. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली. नंतर ती आठवून लिहायला सांगितली. आधी थोड्या वेळाने, मग काहींना पुन्हा कित्येक महिन्यांनी. १९३२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. कथेत दोन तरुण नदीवर सील नावाच्या प्राण्याची शिकार करायला जातात. पुन्हा लिहिताना अनेकांनी त्यांना मासे धरायला पाठवलं. झाडाचं खोड कोरून केलेली होडी साधी बोट झाली. कथेत भुतं होती, ती काही जणांच्या लिखाणातून गायबच झाली. जे ओळखीचं नव्हतं, ते ओळखीचं करून टाकलं गेलं.

बार्टलेट स्मरणशक्तीचा अभ्यास करत होते. आपल्यासाठी मात्र यात दोन गोष्टी आहेत. पहिली चांगली आहे: गोष्ट पुन्हा सांगणारा माणूस तिच्यात स्वतःला मिसळतोच, मुद्दाम काही करावं लागत नाही. दुसरी सावध करणारी, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पुन्हा सांगताना विचित्र, टोकदार, न समजलेलं असं जे असतं ते गळून पडतं आणि गोष्ट चारचौघांसारखी गुळगुळीत होते. म्हणजे सवयीने सांगत राहिलात, तर जे खास तुमच्या नजरेला पडलं होतं, तेच हरवू शकतं!

म्हणून पुन्हा सांगायचं, पण रेकॉर्ड करून.

तुमच्या बाबतीत घडलेला एखादा छोटा प्रसंग घ्या. फार मोठं दुःख, फार मोठा विजय नको. तिथे भावनाच सगळी जागा व्यापते. आधी लिहून काढू नका. मोबाइल चालू करा आणि सांगा. मग त्या प्रसंगातल्या माणसांना ओळखणाऱ्या कोणाला तरी सांगा, नंतर अजिबात न ओळखणाऱ्या कोणाला. त्यांना विचारून तेही रेकॉर्ड करा. काही दिवस जाऊ द्या, पुन्हा सांगा. आता हे सगळं शब्दशः उतरवून काढा. ‘म्हणजे’, ‘अगं’, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, खरा माल इथेच हाती लागतो.

कोणी न विचारता प्रत्येक वेळी आलेला तपशील कोणता? त्यावर खूण करा. मग पहिल्यांदा होता आणि शेवटी नाहीसा झाला असा तपशील शोधा. तो का गेला? समोरच्याला समजणार नाही असं वाटलं म्हणून गेला असेल, तर तो परत आणा.

आणखी एक जागा बघायची. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्स्की यांनी १९६७ साली लोकांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवकथांची रचना मांडली. घटनांच्या ओळीशिवाय त्यांना गोष्टीत आणखी एक भाग दिसला, मूल्यमापनाचा. हे मी का सांगतोय, हे सांगणारा जिथे जाणवून देतो तो भाग. तो नसेल तर ऐकणारा मनात म्हणतो, ‘बरं, मग?’ तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ही जागा शोधा. काही जण सरळ म्हणतात, ‘मला इतका राग आला.’ काही जण नुसते थांबतात. काही जण दुसऱ्याचं वाक्य त्याच्याच सुरात म्हणून दाखवतात. तुम्ही यातलं काय करता? माझ्या मते, पूर्ण गोष्टीत तुमची सगळ्यात जास्त ओळख याच ठिकाणी असते.

चित्रकार असाल किंवा संगीत करत असाल, तरी हे तोंडीच करा. जिथे तुम्ही रेंगाळता, ती जागा चित्रात कुठे येईल आणि चालीत कुठे, हे मग तुमचं तुम्हाला दिसायला लागतं.

एकदा सवय कळली की लगेच तिच्यावर विसंबून राहू नका. समजा, तुमच्या लक्षात आलं की तुम्ही नेहमी माणसांच्या बोलण्यापाशी थांबता. तर पुढची गोष्ट अशी निवडा, जिच्यात कोणी बोलतच नाही, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून बघा.