मुदत संपलेल्या गोळ्या आणि गच्चीवरच्या कुंड्या

नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर औषधांचा एक डबा असतोच, बहुधा मिठाईचा. त्यात आजोबांच्या इकोस्प्रिनची, म्हणजे ॲस्पिरिनची, अर्धी स्ट्रिप, कुणाच्या तरी तापाचं उरलेलं अँटिबायोटिक, कॅल्शियमच्या गोळ्या, इनोच्या दोन पुड्या. मुदत संपलेली असते, पण पैसे मोजलेले असतात, त्यामुळे टाकवत नाही. मग कुणीतरी सांगतं, कुंडीत घाला, गुलाब फुलतो.

डब्यातल्या सगळ्याच गोष्टी एका जातीच्या नसतात. काही म्हणजे स्वयंपाकघरातलीच रसायनं, फक्त औषधाच्या वेष्टनात. त्यांचा खुशाल उपयोग करा. इनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. चहाने काळवंडलेल्या थर्मासमध्ये एक पुडी टाकून वर कोमट पाणी ओता आणि तासाभराने ब्रश फिरवा. झाकण मात्र लावू नका. आत वायू तयार होतो, झाकण उडेल. पुडीत दमट हवा शिरून गोळे झाले असतील तर फसफस आधीच होऊन गेली म्हणायची. अशी पुडी टाकूनच द्या.

माझी आवडती गोळी लिमसी. व्हिटॅमिन सी. पांढऱ्या सुती कपड्यावर बेटाडीनचा डाग पडला की ही गोळी कुटून थोड्या पाण्यात कालवायची आणि डागावर लावायची. तपकिरी रंग डोळ्यांदेखत जातो, कारण बेटाडीनमधल्या आयोडिनचं रंगहीन आयोडाइड होतं. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. गोळीत साखर आणि रंग असतो, म्हणून नंतर कपडा धुऊन टाका. हायड्रोजन पेरॉक्साइडची जुनी बाटली असेल तर रक्ताच्या ताज्या डागावर थेंब टाकून पाहा. फेस आला तर ते अजून कामाचं आहे. नाही आला तर त्याचं नुसतं पाणी झालंय.

आता बाग. कॅल्शियमच्या ज्या गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, तिच्यात साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडी. माळव्याच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर. तिला अजून चुना कशाला? लोहाच्या गोळ्यांचंही तसंच: अशा मातीत लोह झटकन बांधलं जातं, मुळांच्या हाती लागत नाही. शिवाय लाल चकचकीत गोळी लहान मुलाला चॉकलेट वाटते, आणि लोहाच्या गोळ्यांनी लहान मुलं दगावलेली आहेत. बी-१२ तर झाडांना लागतच नाही.

ॲस्पिरिनच्या बाबतीत थोडं तथ्य आहे. रोग आला की झाडं स्वतःच सॅलिसिलिक आम्ल तयार करतात आणि त्याने त्यांची प्रतिकारशक्ती जागी होते. ॲस्पिरिनला ओल लागली की ते मोडून हेच आम्ल सुटतं, आणि सोबत व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्लही. जुनी बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो त्यामुळेच. पण कुंडीला किती द्यायचं याचं माप आपल्याकडे नाही, आणि जास्त झालं तर पानं करपतात. फुलदाणीत गोळी टाकण्यापेक्षा रोज पाणी बदला, फुलं जास्त टिकतील.

अँटिबायोटिक, संप्रेरकं (हार्मोन्स) आणि वेदनाशामकं मात्र मातीत नकोतच. कंपोस्ट करणारे जिवाणूच, त्यांना अँटिबायोटिक पाजून काय साधणार? जे उरतात ते औषधाला दाद न देणारे. कॅनडातल्या एका तळ्यात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक अगदी अत्यल्प प्रमाणात सोडून पाहिलं, तर नर माशांमध्ये मादीची लक्षणं आली आणि एका जातीची संख्या जवळजवळ संपली. आपल्या गिधाडांचं तुम्हाला माहीत आहेच. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेली गुरं पुढे मेली की ती गिधाडांनी खाल्ली, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं, तोवर गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली होती. गच्चीवर मांजर येत असेल तर पॅरासिटामॉलही तिच्या वाटेत नको. मांजराला ते विष आहे.

मग टाकायचं कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. आपल्याकडे कचरागाडीत त्याचा वेगळा कप्पा आहे, सहांपैकी एक. ओल्या कचऱ्यात मुळीच टाकू नका, तो गॅस प्रकल्पाकडे जातो. कागदाची खोकी सुक्या कचऱ्यात द्या, पण चिठ्ठीवरचं नाव आधी फाडा. स्ट्रिपवरची मुदत कात्रीने कापून टाकू नका, उलट गोळ्यांवर काट मारा. भंगारातून उचलून कुणी त्या विकू नयेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून.

आता प्रश्न विचारा. फक्त मुदतीनंतर महिनाभर गोळी चालते का, हे मला विचारू नका. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.